कादंबरीत नसलेले तीन प्रश्न

त्या संध्याकाळी मी नऊ प्रश्न विचारले. त्यांतले सहा कादंबरीतून घेतले होते. उरलेले तीन मी एका जिवंत बाईवर पाळत ठेवून मिळवले होते, आणि तेही कादंबरीतूनच आले आहेत असे पुढे दहा वर्षे सांगत राहिलो. कोणी फारसे खोदून विचारले नाही. जे विचारायला आले त्यांना मी पुस्तक उघडून पान दाखवले. पान दाखवणाऱ्या माणसावर लोक विश्वास ठेवतात.

हे सगळे पनवेलला, आमच्या वाचनालयात घडले. ऐंशीचे दशक संपत आले होते. मी बावीस वर्षांचा होतो, कायद्याच्या पहिल्या वर्षाला होतो, आणि आपल्याला माणसे वाचता येतात अशी माझी समजूत होती. या लेखात मी कोणाचेही नाव घेणार नाही. नाव न घेताही माणसाचे किती नुकसान करता येते हे मला ठाऊक आहे. पण निदान ती एक काळजी तरी घेतो.

वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर एक बाई बसत. वय बत्तीसच्या आसपास, अविवाहित. थोरला भाऊ आणि वहिनी यांच्याकडे राहत. सगळे सभासद त्यांना ताई म्हणत, अगदी साठीचे सभासददेखील. पुस्तक परत घेताना त्या ते एकदा अंगठ्याखालून फरफर सोडून बघत, कोणी पान दुमडले असेल तर ते तिथल्या तिथे सरळ करत आणि वर न बघता म्हणत, "खूण म्हणून बसचे तिकीट ठेवावे. पुस्तकाला दुखत नाही." मी अकरावीत असल्यापासून त्यांनी माझ्यासाठी पुस्तके बाजूला काढून ठेवली होती. माझ्या घरी वाचणारे कोणी नव्हते. माझ्या वाचनाला जे काही वळण होते ते त्यांच्या हाताचे होते. हे आधीच सांगतो, कारण पुढचे वाचताना ते विसरले जाऊ नये.

त्या वर्षी वाचनालयात एका नव्या कादंबरीने फार धुमाकूळ घातला होता. पाच प्रती होत्या आणि पाचही कायम बाहेर. नदीकाठच्या एका गावात शिवणवर्ग चालवणाऱ्या विधवेची ती गोष्ट. ही बाई दर महिन्याला एकदा होडीने पैलतीरावर जाते आणि दुसऱ्या दिवशी परत येते. का जाते, कोणाकडे जाते, हे लेखक सांगत नाही. ती मरते तेव्हा तिच्या पेटीत तीन पुरुषी शर्ट सापडतात, तीन वेगवेगळ्या मापांचे, तिन्ही अपुरे, एकालाही बटणे नाहीत. दहाव्या दिवशी घाटावर तीन अनोळखी पुरुष येऊन उभे राहतात. पिंडाला कावळा शिवत नाही. भाऊ हात जोडतो, पुतण्या हात जोडतो, काही होत नाही. मग त्या तिघांपैकी एक जण पुढे होऊन पिंडाशी वाकतो, ओठ हलवतो, आणि कावळा उतरतो. तो काय म्हणाला हे लेखकाने लिहिलेले नाही. कादंबरी तिथे संपते.

पनवेलमध्ये त्या दिवसांत या बाईवरून जेवढी भांडणे झाली तेवढी नगरपालिकेच्या पाण्यावरूनही झाली नसतील. तिची तीन प्रेमप्रकरणे होती, की एकच आणि बाकीचे दोघे भाऊबंद? की ते तिघे तिने टाकलेले, आणि कोणा परक्याने वाढवलेले मुलगेच होते? आमच्या शेजारच्या काकू म्हणत, "अहो, तीन कसले, त्या होडीवाल्याला कोणी धरतच नाही हिशोबात!" स्टेशनरीचे दुकान चालवणारे एक सभासद तर पैजेवर आले होते, की लेखकाला पत्र लिहून विचारतो. लेखकाचे उत्तर आले नाही, किंवा पत्रच गेले नाही.

वाचनालयाचे वाचक मंडळ दर महिन्याला भरत असे. तिथे मी या कादंबरीवर एक निबंध वाचला. शर्टांची मापे, होडीच्या फेऱ्या, शेवटचे तीन पुरुष, सगळे एकास एक जोडून मी सिद्ध केले होते की नायिकेची तीन गुप्त प्रकरणे होती आणि लेखकाने ती भिडेखातर झाकली. मला निबंधाचा अभिमान होता. टाळ्याही पडल्या. मग देवघेवीच्या टेबलावरून ताई म्हणाल्या, "तू तीन शर्ट मोजलेस. ते तिने पुरे का केले नाहीत, हे नाही विचारलेस."

सगळे हसले. त्या हसण्यात विखार नव्हता. त्या स्वतः तर इतक्या मायेने हसत होत्या की दुसऱ्या कोणाला राग आलाच नसता. मला आला. मी तिथे ओशाळून हसलो आणि तो राग घरी घेऊन गेलो.

वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात त्या वर्षी अभिरूप न्यायालय भरवायचे ठरले. आपल्याकडे हा प्रकार बहुतेकांनी पाहिलेला असतो: एखाद्या पात्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे, वकिलांनी भांडायचे, प्रेक्षकांनी मजा घ्यायची. आरोपी अर्थातच त्या कादंबरीतली बाई. कायद्याचा विद्यार्थी म्हणून सरकारी वकील मी. बचावाला शाळेतले एक निवृत्त मराठीचे शिक्षक. न्यायाधीश म्हणून एक माजी मामलेदार, ज्यांना काळा कोट घालायची हौस होती. आणि नायिका कोण होणार? ज्याला पुस्तक पाठ आहे त्यानेच हे काम करावे, कारण उत्तरे ऐन वेळी आणि पात्राच्या तोंडून द्यायची असतात. ताईंनी ती कादंबरी किती वेळा वाचली होती कोण जाणे. त्या आधी नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चालेल. तिच्या बाजूने बोलायला कोणी तरी हवेच."

आता माझ्या वहीबद्दल सांगायला हवे.

पनवेलबाहेरच्या करंजाड्याला एका घरी मी शनिवारी दोन मुलांची शिकवणी घेत असे. जमिनीचा मोबदला नुकताच हाती आलेले कुटुंब होते. मुलांनी इंग्रजी शिकावे अशी आजोबांची इच्छा होती. तिथून सायकलने परतताना मला एका शनिवारी ताई दिसल्या. उरणहून येणाऱ्या एस.टी.तून त्या करंजाड्याच्या फाट्यावर उतरल्या आणि पनवेलच्या दिशेने चालू लागल्या. गाडी पुढे स्टँडवरच जाणार होती. तरीही त्या अलीकडे उतरल्या. मी हाक मारणार होतो. मारली नाही.

महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी त्या अर्धा दिवस रजा घेतात हे सगळ्यांना माहीत होते. दुपारी वाचनालयासमोरच्या इस्त्रीवाल्याकडून त्या वर्तमानपत्रात बांधलेले काही तरी घेत आणि स्टँडकडे जात, हेही पुष्कळांनी पाहिले असेल. पाहिले आणि सोडून दिले असेल. मी सोडले नाही. पुढच्या दुसऱ्या शनिवारी मी इस्त्रीवाल्याकडे आपला शर्ट टाकायला गेलो आणि पाहिले: एक पांढरा शर्ट, पूर्ण बाह्यांचा. ताईंचा भाऊ कायम अर्ध्या बाह्यांचे घालत असे. त्या संध्याकाळी मी फाट्यावरच्या चहाच्या टपरीमागे सायकल लावून थांबलो. त्या उतरल्या तेव्हा हात रिकामे होते आणि वेणी ओली होती. मी वहीत तारीख घालून लिहिले. हे मी तीन महिने केले.

मला त्या आवडत होत्या का, असे माझ्या पत्नीने पुढे एकदा विचारले. आवडत असतील. पण त्याचा आडोसा घेऊन मी हा गुन्हा सौम्य करू इच्छित नाही. टपरीमागे उभा असताना माझ्या मनात ओढ नव्हती. उत्तरपत्रिकेत बरोबर उत्तर सापडल्याचा आनंद होता. एका पुस्तकाने न सांगितलेले मला एक माणूस सांगून टाकणार होता, आणि त्या माणसाला ते कळणारही नव्हते.

वर्धापनदिनाला वाचनालयाच्या अंगणात मंडप घातला होता. सहाच्या सुमारास खुर्च्या भरल्या. ताई पिंजऱ्यात, म्हणजे उलट्या ठेवलेल्या दोन बाकांच्या मध्ये, उभ्या राहिल्या. नायिकेसारखे पांढरे पातळ नेसल्या होत्या आणि गळ्यात शिंप्याची टेप अडकवली होती. ती टेप बघूनच टाळ्या पडल्या.

माझे पहिले सहा प्रश्न ठीक होते. त्या मला लीलया खेळवत होत्या.

"आपण पैलतीरावर कशासाठी जाता?"

"वकीलसाहेब, ऐलतीरावर तुमच्यासारखे शेजारी आहेत म्हणून."

मंडप उसळला. मामलेदारांनी लाकडी हातोडा आपटला आणि स्वतःच हसले. बचावाचे शिक्षक बसल्या जागेवरून म्हणाले, "मला काही कामच उरलेले नाही, मी भजी खाऊन येतो." मागून कोणी तरी ओरडले, "वकीलसाहेब, घाम पुसा!"

मी घाम पुसला. मग वहीचे पान उलटले.

"वर्तमानपत्रात गुंडाळलेला, इस्त्री केलेला, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट आपण जाताना घेऊन जाता. तो कोणासाठी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. क्षणभरच. मग नायिकेच्या आवाजात म्हणाल्या, "शिवणाऱ्या बाईच्या हातात शर्ट नसेल तर काय कोयता असेल?"

पुन्हा हशा झाला, पण तो पूर्वीसारखा एकदम उठला नाही. पुढच्या खुर्च्यांवरून मागे जाता जाता तो विरत गेला. समोरच्या इस्त्रीच्या दुकानाकडे दोन-तीन माना वळल्या. मी ते पाहिले.

"परत येताना आपण गावच्या धक्क्याच्या एक धक्का अलीकडे उतरता आणि चालत येता. का?"

"चालायला आवडते," त्या म्हणाल्या. हे उत्तर नायिकेचे नव्हते, त्यांचे होते.

आणि मंडपाच्या कडेला उभ्या असलेल्या एका माणसाने, बहुधा केवळ विनोद म्हणून, विचारले, "करंजाड्यापासून?"

आता जे हसू आले ते वेगळे होते. ते दबलेले होते आणि संपता संपत नव्हते. बायकांच्या रांगेत एकीने दुसरीच्या गुडघ्यावर हात ठेवला. ताईंच्या वहिनी तिसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी पदर सावरला आणि मान खाली घातली. मामलेदार बाहेरगावचे; त्यांना काहीच कळले नव्हते. ते म्हणाले, "पुढे चला, पुढे चला, रंग भरतोय."

या ठिकाणी मला थांबता आले असते. मी थांबलो असतो तर घडले त्याला योगायोग म्हणता आले असते. पुढे जो योगायोग म्हणून मी विकला तो मला तिथे फुकट मिळत होता. मी नाकारला. मला एवढेच दिसत होते की आज पहिल्यांदा या बाईंना उत्तर सुचत नाही.

"आणि येताना आपले केस ओले का असतात?"

ताईंचा हात गळ्यातल्या टेपेवर गेला. त्यांनी ती काढली, हळूहळू बोटाभोवती गुंडाळली, आणि आपल्या नेहमीच्या, देवघेवीच्या टेबलावरच्या आवाजात म्हणाल्या, "कादंबरीत हे नाही."

मी म्हणालो, "दोन ओळींच्या मध्ये आहे."

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. वाक्य चांगले होते.

मामलेदारांनी निकाल दिला तो असा, की सरकारी वकिलांनी कौशल्याने बाजू मांडली असली तरी आरोपीच्या गुप्त संबंधांचा थेट पुरावा पुस्तकात कुठेही नाही. सबब संशयाचा फायदा देऊन तिला निर्दोष सोडण्यात येत आहे. कादंबरीतली बाई सुटली. मला उत्कृष्ट वकील म्हणून नारळ आणि शाल मिळाली.

आमच्या घरी बक्षीस आले की आधी देवापुढे ठेवायचे. मी घरी पोचलो तेव्हा आई माझ्याआधी आलेली होती. ती कार्यक्रमाला येऊन मध्येच उठली होती हे मला माहीत नव्हते. मी नारळ घेऊन देवघराकडे वळलो तशी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "तो तिथे ठेवायचा नाही."

"का?"

"नाही म्हटले ना. बाहेर ठेव." आणि मग, थोड्या वेळाने, "तुला पुस्तके कोण देत होते रे?"

तो नारळ ओट्याखाली कित्येक महिने पडून होता. आत खोबरे सुटून खडखडू लागले तरी आईने फोडला नाही, टाकलाही नाही.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी ताईंचा भाऊ वाचनालयाच्या दारात स्कूटर घेऊन उभा राहिला. ताई बाहेर आल्या, त्याच्या मागे बसल्या आणि घरी गेल्या. त्यानंतर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तो येई. उरणच्या गाडीत ताई पुन्हा कोणाला दिसल्या नाहीत. देवघेवीच्या रांगेत पूर्वी गप्पा चालत. आता लोक पुस्तक ठेवत, कार्ड घेत आणि बाजूला होत. काही जण मुद्दाम रेंगाळत, तेही बरे नव्हते. वैशाखात त्यांनी नोकरी सोडली. कोकणात कुठल्याशा शाळेत गेल्या असे ऐकले. त्यांनी कोणालाही काहीही समजावून सांगितले नाही.

त्या अजून टेबलावर होत्या तेव्हाच एकदा वाचनालयाच्या चिटणीसांनी मला बोलावले. सज्जन गृहस्थ. दार लावून घेऊन म्हणाले, "हे बघ, मी तुझ्यावर आळ घेत नाही. पण एकदाच विचारतो. ते प्रश्न करताना तुझ्या मनात कोणी होते का?"

ताईंची अब्रू त्या क्षणी माझ्या एका वाक्यावर होती. 'होते, आणि मी नीचपणा केला,' एवढे मी म्हणालो असतो तर चिटणीस स्वतः ताईंच्या भावाकडे गेले असते. मला ते माहीत होते.

मी म्हणालो, "छे! सगळे कादंबरीतच आहे. दाखवू?"

आणि दाखवले. शर्ट होतेच. धक्क्याचा उल्लेख एका ठिकाणी होता. नदीवर धुके असल्याचे एक वाक्य होते. त्यावरून मी ओल्या केसांचे अनुमान काढल्याचे सांगितले. ते ऐकताना चिटणीसांचा चेहरा हळूहळू निवळत गेला. "विलक्षण योगायोग," ते म्हणाले, "बिचारी." लेखकाने संदिग्ध ठेवलेल्या जागेत माझ्यासारख्याला लपायला पुष्कळ अवकाश असतो, हे मला त्या दिवशी कळले.

बाहेर वाचनालयाचे शिपाई खुर्च्या लावत होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. उरणकडच्या एका गावचे, मिठागरावर काम करणाऱ्या घरातले; वाचता जेमतेम येत असे, पण कुठले पुस्तक कुठल्या कपाटात हे न चुकता सांगत. त्यांनी दारामागून ऐकले असावे.

"वकील," ते म्हणाले, "आमी शिकलेलो नाय. पन एक सांगतो. पुस्तकातल्या बाईला तुमी कायपन इचारा, तिला लागत नाय. ही जिती हाय."

मी म्हणालो, "मामा, मी काही—"

"ताई कुठं जातात ते मना ठावं हाय," ते म्हणाले. "पन तुमाला सांगनार नाय. तुमी आता वाचा दोन ओळींच्या मंदी."

मी कायदा पुरा केला. सनदही घेतली. पण उलटतपासणीसाठी उभा राहिलो की पुढचा प्रश्न विचारवत नसे. वरिष्ठांनी एक-दोनदा सांभाळून घेतले आणि मग मला कचेरीतल्या कामावर बसवले. आयुष्यभर मी जमिनींचे दस्त तपासले. पनवेलला त्या कामाला कधी तोटा नव्हता. दस्तात जे लिहिले आहे ते आहे, जे नाही ते नाही, आणि मधल्या जागेबद्दल मत देणे हा दोष मानला जातो. लोक माझ्या काटेकोरपणाचे कौतुक करतात. तो कुठून आला हे मी कोणाला सांगितले नाही.

नव्वदचे दशक संपत आले तेव्हा मामा निवृत्त झाले. वाचनालयाने त्याच अंगणात निरोपाचा छोटा कार्यक्रम ठेवला. जुना सभासद म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितले होते. मी खिशात कागद घेऊन लवकर पोचलो, आणि पाहतो तो देवघेवीच्या टेबलाशी ताई उभ्या. मामांनी त्यांना स्वतः पत्र घालून बोलावले होते, असे नंतर कळले. केस थोडे पांढरे झाले होते. कोणी तरी परत केलेले पुस्तक त्यांनी सवयीने हातात घेतले होते आणि अंगठ्याखालून पाने सोडत होत्या.

माझी नजर त्यांच्या गळ्याकडे गेली. मंगळसूत्र आहे का, हे बघायला. दहा वर्षांत मी एवढेच शिकलो होतो. आपण काय करतो आहोत हे ध्यानात येताच मी नजर काढून घेतली. त्यामुळे मला काय दिसले ते मी इथे लिहीत नाही.

"ताई," मी म्हणालो.

त्यांनी ओळखले. "तुम्ही," त्या म्हणाल्या. पूर्वी त्या मला तू म्हणत.

मी पाठ करून ठेवलेले सगळे विसरलो. कसेबसे म्हणालो, की ते तीन प्रश्न कादंबरीत नव्हते, मी फाट्यावर थांबत होतो, वहीत लिहीत होतो, आणि चिटणीसांना खोटे सांगितले.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "टपरीमागे तुमची सायकल दिसायची. हिरवी होती."

मी खिशातला कागद उगाच चाचपला.

"मंडपात तुम्ही पान उलटले तेव्हा मला वाटले, हा थांबेल. अकरावीत होतात तेव्हापासून बघत आले होते मी तुम्हाला." त्यांनी पुस्तक मिटले. "विचारणार नाही? मी कुठे जात होते ते?"

प्रश्न ओठांवर आला होता, हे लपवत नाही. माझ्यातला तो टपरीमागचा मुलगा अजून जिवंत होता आणि त्याला उत्तर हवे होते. आजारी कोणी होते? प्रेमाचे कोणी होते? पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट कोण घालत होते? आणि त्या दुसऱ्या शनिवारनंतर त्या माणसाने किती शनिवार वाट पाहिली?

"नाही," मी म्हणालो. "मला तो अधिकार नाही."

त्या म्हणाल्या, "बरे झाले. मी सांगितले नसतेच."

"ताई, मी तुमची—"

"मला इथे कोपऱ्यात सांगून काय उपयोग?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी तिथे उभी होते. मला काय झाले ते मला ठाऊक आहे. ज्यांनी ऐकले त्यांना सांगा."

मी म्हणालो, की सगळ्यांसमोर तो विषय काढला तर जुने पुन्हा उगाळले जाईल, तुम्हालाच त्रास होईल. हे म्हणताना मला ते खरेच वाटत होते. आज वाटते की तोही एक आडोसा होता.

"माझी काळजी तुम्ही करू नका," त्या म्हणाल्या. "मी चौथ्या रांगेत बसते." आणि पुस्तक कपाटात ठेवायला गेल्या.

अंगणात साठ-सत्तर लोक असतील. पुष्कळ चेहरे तेच होते. चिटणीस आता काठी घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. निवृत्त शिक्षक होते. ताईंचा भाऊ नव्हता. वहिनी होत्या, कडेला, एकट्या. माझी आई आलेली होती. व्यासपीठावर मामा हार घालून संकोचाने बसले होते. माझे नाव पुकारले गेले. मी खिशातला कागद काढला, आणि परत ठेवला. ध्वनिक्षेपक शिट्टी वाजवत होता. कोणी तरी तो ठीक केला. मी मामांना नमस्कार केला. मग चौथ्या रांगेकडे वळलो, आणि माझा आवाज मला स्वतःला ऐकू येईल इतका मोठा करून म्हणालो:

"मामांबद्दल बोलण्याआधी मला एक सांगायचे आहे. दहा वर्षांपूर्वी याच अंगणात मी एका कादंबरीवर उलटतपासणी घेतली होती. तिचे शेवटचे तीन प्रश्न कादंबरीत नव्हते. ते मी एका माणसाच्या पाठीमागे लपून गोळा केले होते, आणि ते कोणाला लागतील हे मला विचारण्याआधी माहीत होते. चिटणीसकाका, तुम्ही मला एकदाच विचारलेत आणि मी तुम्हाला पान उघडून खोटे सांगितले. त्या प्रश्नांची उत्तरे देण्याचे बंधन कोणावरही नव्हते, आजही नाही. त्यांवरून तुमच्यापैकी कोणी काही समजला असाल, तर ते माझ्या नीचपणामुळे समजलात. ताई, मी तुमचा अपराधी आहे. सगळ्यांसमोर केले होते, म्हणून सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो."